टनांच्या आकड्याचे फर्मान

गारखेड्यातील सूतगिरणी चौकालगतच्या एका घराच्या गच्चीवर गेली कित्येक वर्षे मी मासे धरण्याच्या काठ्या स्वहस्ते बांधीत आलो आहे; आणि या छंदाच्या निमित्ताने ज्यांचा सहवास लाभला त्या मंडळींत, जड लूर, म्हणजे बनावट आमिष, फेकण्याच्या काठीसाठी ब्लँक कोणता घ्यावा या प्रश्नाचा फैसला आता कायमचा लागून गेला आहे अशी समजूत दिवसेंदिवस दृढ होत चालल्यामुळे, त्या फैसल्याविरुद्ध माझी कैफियत सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते. फैसला असा की, ज्या ब्लँकवर टनांचा आकडा मोठा तो ब्लँक बळकट, आणि लूर जितकी जड तितका तो आकडा वाढवीत न्यावा. 24 टनांचा ब्लँक तळ्यातल्या किरकोळ कामास, 30 टनांचा मध्यम कामास, आणि समुद्रावर जावयाचे असेल तर 40 टनांच्या खाली बोलूच नये. हे फर्मान कोणी काढले याचा दाखला कोणत्याही दप्तरी नाही. पण दुकानदार ते वाचून दाखवितात, नवशिके ते शिरसावंद्य मानतात, आणि महिनाभराच्या पगारातील मोठा हिस्सा त्या आकड्यापायी खर्ची घालतात. माझे म्हणणे असे आहे की हे फर्मान मुळातच चुकीचे असून जड लूरच्या बाबतीत तर ते सर्वांत अधिक चुकीचे आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्लँक म्हणजे मूठ, रिळाची बैठक, दोर ओवण्याच्या कड्या यांपैकी काहीही न चढविलेली नुसती पोकळ, बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत जाणारी नळी. कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचे राळेत भिजविलेले कापड पोलादी गजावर गुंडाळून, भट्टीत भाजून ती तयार होते. बाकीचे सारे, म्हणजे बूच वा फोमची मूठ, कड्या, दोऱ्याची गुंडाळी आणि त्यावरचा इपॉक्सीचा लेप, हे घरी बसून करता येते, आणि हातून चुकले तर सोडवून पुन्हाही करता येते. ब्लँकची निवड मात्र एकदा चुकली की चुकलीच. आमच्या शहरातील मंडळींना जड लूरची गरज दोन ठिकाणी पडते. पैठणचा नाथसागर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरांवर. 1976 साली पूर्ण झालेल्या या जलाशयाच्या फुगवट्यात, जेथे मासेमारीस मुभा आहे अशा काठांवर, पाणवनस्पतींच्या दाट गालिच्यावरून रबरी बेडूक ओढीत नेऊन मरळ उठवावयाचा, आणि तो उठला की त्या शेवाळासकट त्याला बाहेर खेचावयाचे. दुसरे ठिकाण कोकणचे. वर्षाकाठी एकदोनदा मालवणकडे होडीतून जाऊन 80 ते 120 ग्रॅमचे लाकडी पॉपर खडकांभोवती फेकावयाचे, या आशेवर की एखादी जायंट ट्रेव्हली खालून उसळून येईल. पहिल्या ठिकाणी लूर तितकी जड नसते, ओढ जड असते. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही जड.

प्रतिपक्षाची बाजू मी माझ्या एका स्नेह्यांच्या तोंडून वारंवार ऐकली आहे. ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अभियंता आहेत, आणि आपला पक्ष ते इतक्या नेटकेपणाने मांडतात की ऐकणारा सहज वश व्हावा. ते म्हणतात: टनांचा आकडा म्हणजे तंतूच्या ताठरपणाचे माप, तंतू ताठर असला की तोच ताठरपणा कमी मालात साधतो, माल कमी लागला की काठी हलकी होते, हलकी काठी दिवसभरात दोनशे फेकी करूनही खांद्याला जाणवत नाही, फेकीनंतर शेंडा थरथरत न राहता तत्काळ स्थिर होतो, आणि माशाने लूरला नुसते नाक लावले तरी ते मुठीत कळते. जड लूर म्हटली की मऊ काठी लोंबकळते, म्हणून ताठर हवी. आणि ताठर व हलकी या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करावयाच्या तर 40 टनांवाचून गत्यंतर नाही. या युक्तिवादातील पहिले लांबलचक वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि त्याच्या खरेपणामुळेच पुढच्या दोन वाक्यांतला दोष झाकला जातो.

दोष हा की, ताठरपणा आणि बळ ही दोन निराळी आहेत. वाकण्यास नकार देणे म्हणजे ताठरपणा. वाकूनही न तुटणे म्हणजे बळ. मराठीत "मोडेन पण वाकणार नाही" हे बाणेदार माणसाचे वर्णन म्हणून आपण कौतुकाने वापरतो. काठीच्या बाबतीत तेच वाक्य अक्षरशः घडते, आणि तेव्हा कौतुकाला जागा राहत नाही. जपानच्या टोरे कंपनीने आपल्या तंतूंचा जो तक्ता स्वतः प्रसिद्ध केला आहे तो या प्रकरणी पुरावा म्हणून पुरेसा आहे. त्यातील टी 700 एस या तंतूचा ताठरपणा 230 गिगापास्कल, म्हणजे आमच्या बाजारी भाषेत साधारण 24 टन. तुटेपर्यंत तो 4900 मेगापास्कल ताण सोसतो आणि मूळ लांबीच्या 2.1 टक्के ताणला जातो. एम 40 जे या तंतूचा ताठरपणा 377 गिगापास्कल, म्हणजे 38 टनांच्या आसपास. पण तो तुटतो 4400 मेगापास्कलला, आणि तोपर्यंत ताणला जातो अवघा 1.2 टक्के. ताठरपणा दीडपटीहून अधिक वाढला. बळ वाढले तर नाहीच, उलट दहा टक्क्यांनी उतरले. आणि सोसण्याची मर्यादा जवळजवळ निम्म्यावर आली. बनविणाराच ज्या तंतूला कमी सोशिक म्हणून नोंदवितो, त्याच तंतूला आमच्या बाजारात अधिक बळकट म्हणून सनद मिळावी, याला मी अन्याय म्हणतो, आणि तो अन्याय घेणाऱ्याच्या खिशावर होतो.

शिवाय तो आकडा तंतूच्या जातीबद्दल बोलतो, ब्लँकबद्दल बोलत नाही. नळीत त्या जातीचा तंतू किती प्रमाणात आहे, त्याच्या जोडीला साधा तंतू किती, राळ किती, आणि लांबीच्या दिशेने धावणाऱ्या तंतूंना आडव्या वेढ्यांनी बांधून ठेवले आहे की नाही, यांपैकी एकाही मुद्द्याचा खुलासा तो करीत नाही. धोतराच्या किनारीत जर आहे एवढे ऐकून अख्खे धोतर जरीचे समजण्यासारखे हे आहे.

आडव्या वेढ्यांचा मुद्दा मला विशेष विस्ताराने सांगावयाचा आहे, कारण जड लूरच्या काठ्या बहुधा तेथेच दगा देतात. पोकळ नळी वाकविली की तिचा गोल छेद चपटा होऊ लागतो. छेद चपटा झाला की वाकण्याला होणारा विरोध कमी होतो. विरोध कमी झाला की ती आणखी वाकते, आणखी चपटते, आणि एका क्षणी आतल्या बाजूने चुरगळून बसते. रबराची नळी बोटांत वाकवून पाहणाऱ्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते. ब्रेझियर या शास्त्रज्ञाने 1927 साली त्याचे गणित मांडले, आणि त्या गणिताचे सार असे की चपटण्याला होणारा विरोध भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ताठर तंतू वापरून भिंत पातळ केल्याची जी बचत माझे स्नेही अभिमानाने सांगतात, ती बचत येथे व्याजासकट वसूल होते: भिंत निम्मी केली तर या बाबतीतला आधार चौथाईवर येतो, आणि तंतूचा वाढीव ताठरपणा ती तूट भरून काढू शकत नाही.

निसर्गाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविलेला आहे. वेळूच्या काठीला पेरे असतात, आणि प्रत्येक पेराशी आत एक आडवा पडदा असतो. तो पडदा त्या पोकळ नळीला चपटू देत नाही. कोकणातला माणगा तर जवळजवळ भरीवच, म्हणून गळाच्या काठीला आणि हातातल्या काठीला तेथे त्याचीच निवड होते. आणि बुरडाने वेळू निवडताना पाहावे! तो वेळूचा नुसता ताठपणा पाहून समाधान मानीत नाही. कोवळा आहे की तीन पावसाळे खाल्लेला आहे हे सालीच्या रंगावरून ओळखतो, पेरांतले अंतर पाहतो, नखाने वा कोयत्याच्या पाठीने ठोकून नाद ऐकतो, बुंधा हातात तोलतो, आणि मग एक टोक जमिनीला टेकवून त्यावर भार देऊन तो कसा लवतो, कोठून लवतो, हे पाहतो. एकेकाळी इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर चिरलेल्या वेळूच्या सहा पट्ट्या जोडून काठ्या बनवीत, तेव्हा तो वेळू कलकत्त्याहून जात असे आणि त्यास कलकत्ता केन हेच नाव होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधल्या टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. त्या कारागिरांजवळ आकडा नव्हता. सालीलगतच्या तंतूंची दाटी डोळ्यांनी पाहून ते निवड करीत. कार्बनच्या नळीला पेरे नाहीत, म्हणून तिच्या भिंतीला आणि आडव्या वेढ्यांना पेरांचे काम करावे लागते; पण ते किती झाले आहे हे तपासण्याची बुरडाची रीत आम्ही सोडून दिली आणि चिकटवलेल्या कागदावर विसंबू लागलो.

माझ्यावर जे गुदरले ते येथे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मालवणच्या समुद्रात, सकाळी नऊच्या सुमारास, 40 टनांचा म्हणून घेतलेल्या आणि मी स्वतः पंधरा रात्री खपून बांधलेल्या काठीला मासा लागला. पहिली धाव त्याने सरळ घेतली, ती काठीने झेलली. मग तो वळला आणि होडीच्या तळाशी शिरला. दोर बुडाला घासू नये म्हणून मी काठी वर घेतली, आणि ती उभ्या रेषेच्या किंचित अलीकडे असतानाच वाळलेले फाटे मोडावे तसा कडाका झाला. हातात मुठीपासून दीड हात लांबीचा खुंट राहिला. शेंडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला, मासा गेला, आणि तळहातात काळ्या कुसळांसारखे तंतू शिरले ते संध्याकाळपर्यंत चिमट्याने काढीत बसावे लागले. घरी आल्यावर तो खुंट भिंगाखाली धरला. तुटलेल्या कडेपासून बोटभर खालपर्यंत नळीवर उभी चीर गेली होती, छेद गोल न राहता लंबगोल झाला होता, भिंत एका बाजूस दुसरीपेक्षा उघड पातळ होती, आणि चिरेच्या मुळाशी बाहेरून मोहरीएवढा टवका उडालेला होता. होडीत काठी आडवी ठेवली असताना जड पॉपर तिच्यावर केव्हातरी आपटला असावा. माझे स्नेही म्हणतात, काठी उभी केली हा दोष तुमचा, आणि टवका पडू दिला हाही तुमचाच. दोन्ही दोष मला मान्य आहेत. पण होडीच्या तळाशी मासा शिरणार नाही, आणि शंभर ग्रॅमचा लाकडी ठोकळा दिवसभरात एकदाही काठीवर आपटणार नाही, असा करारनामा समुद्र कोणाला लिहून देतो? जी नळी या दोन नित्याच्या प्रसंगांना पुरत नाही ती जड लूरच्या कामाची नव्हे, मग तिच्यावर कोणताही आकडा लिहिलेला असो.

आता ताठरपणाच्या मूळ अटीकडे वळतो, कारण टनांचा मुद्दा सोडला तरी "जड लूरला ताठरच काठी" हे उपकलम उरतेच. काठी ही तरफ आहे, आणि या तरफेत लांब बाजू माशाकडे व आखूड बाजू आपल्याकडे असते. दोरावर 8 किलोची ओढ आहे असे समजा. काठी इतकी ताठर की शेंडा मुठीपासून आडव्या अंतराने 1.6 मीटर पुढे राहिला, तर मनगटाला आणि कमरेला 12.8 किलो-मीटरचा पीळ सोसावा लागतो. तीच काठी लवून शेंडा 1 मीटरवर आला, तर पीळ 8 वर उतरतो. माशावरची ओढ दोन्ही वेळी तीच, माणसाची दमणूक मात्र दीडपट. ज्या काठीचा बाक ओढ वाढेल तसा शेंड्याकडून मध्याकडे आणि मध्याकडून बुंध्याकडे सरकत येतो, ती काठी माणसाच्या बाजूने लढते. जी शेवटपर्यंत ताठ उभी राहते ती, दिसावयास पराक्रमी असली तरी, माशाच्या बाजूची आहे.

फेकीचेही तेच. 100 ग्रॅमची लूर पाव सेकंदाहूनही कमी वेळात, समजा 0.2 सेकंदात, सेकंदाला 30 मीटरच्या वेगास पोहोचवावयाची तर सरासरी 15 न्यूटन, म्हणजे दीड किलोचा भार शेंड्यावर पडतो. लूरच्या स्वतःच्या वजनाच्या पंधरापट. हा भार लवचीक काठी आपल्या लांबीभर वाटून घेते, साठविते, आणि सुटताना परत देते. ताठर काठीत तो साठत नाही. म्हणून फेकणारा अधिक झटका देतो, झटका दिला की वेळ आणखी कमी होतो, वेळ कमी झाला की भार आणखी वाढतो, आणि तो सगळा एका ठिकाणी, बहुधा सांध्याच्या वर, एकवटतो. मऊ काठी लोंबकळते ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय तंतू बदलणे हा नसून व्यास बदलणे हा आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर वजन दहा टक्क्यांनी वाढते आणि ताठरपणा सुमारे 33 टक्क्यांनी. साध्या 24 टनांच्या तंतूचा, जाड बुंध्याचा, पुरेशा भिंतीचा ब्लँक जड लूर लीलया उचलतो, आणि वाकावे लागले तर वाकतोही. बुंधा जाड दिसतो म्हणून त्याला गावंढळ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांना काठी भिंतीवर टांगावयाची आहे.

वजनाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे आणि काचतंतूच्या जुन्या काठ्या ज्यांनी दिवसभर चालविल्या त्यांचे खांदे त्याची साक्ष देतील. काचतंतू कार्बनहून सुमारे चाळीस टक्के जड आणि तिपटीहून अधिक मऊ. म्हणून सबंध काचेचा आठ फुटी ब्लँक जड कामास पुरेल इतका भरभक्कम केला की तो फेकण्याऐवजी वाहून नेण्याची वस्तू होते. पण काठीतले सगळे ग्रॅम सारखे नसतात. मुठीजवळचा ग्रॅम जवळजवळ फुकट असतो, शेंड्याकडचा ग्रॅम दिवसभर व्याज मागतो. म्हणून बुंध्याची भिंत जाड ठेवण्यात काटकसर करू नये, आणि शेंड्याकडे एकेक कडी हलकी, लहान, जेमतेम दोऱ्यात बसविलेली असावी. जो माणूस ब्लँकमध्ये वीस ग्रॅम वाचविण्यासाठी दुप्पट किंमत मोजतो आणि मग शेंड्याकडच्या कड्यांवर इपॉक्सीचे जाड गोळे चढवितो, त्याने काय वाचविले? आणि काचतंतू सर्वस्वी कालबाह्य झाला असे जे बोलले जाते तेही खरे नव्हे: साधा काचतंतू तुटेपर्यंत जवळपास 4.8 टक्के ताणला जातो, कार्बनच्या कोणत्याही जातीच्या दुपटीहून अधिक. बुंध्याभोवती किंवा भरीव शेंड्यात त्याची जोड दिलेला मिश्र ब्लँक, नाथसागराच्या शेवाळातून मरळ उपसण्यासाठी, मला आजवर सर्वांत भरवशाचा वाटला आहे.

हे सारे ब्लँक घेण्याआधी तपासता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मी गच्चीच्या कठड्याला दोन लाकडी ठोकळ्यांत ब्लँकचा बुंधा आवळून तो आडवा धरतो, शेंड्याला चिकटपट्टीने दोरीचा फासा लावून त्यात प्लास्टिकची पिशवी अडकवितो, आणि मापाच्या भांड्याने तीत हळूहळू पाणी ओततो. आठ फुटी ब्लँकचा शेंडा 81 सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या एकतृतीयांश, खाली आला की थांबतो. पिशवीत जितके मिलिलिटर पाणी तितके ग्रॅम, हे त्या ब्लँकचे खरे माप. मागच्या विटांच्या थरांवर नजर ठेवली की बाक कोठून सुरू होतो हे स्पष्ट दिसते. मग आणखी अर्धा लिटर ओततो, आणखी अर्धा, आणि पाहतो की बाक बुंध्याकडे उतरतो आहे की एकाच ठिकाणी कोपर झाल्यासारखा अडून बसला आहे. अडला तर तो ब्लँक मी परत करतो. त्यापूर्वी बुंध्याच्या तोंडाशी व्हर्नियर लावून भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजलेली असते, आणि टेबलाच्या काचेवर ब्लँक लोळवून त्याचा सरळपणा पाहिलेला असतो. मे महिन्याच्या उन्हात मात्र हे करू नये; तापलेल्या कठड्यावर काळी नळी हात लावू देत नाही, आणि पाणी ओतताना घाई होते.

ब्लँकच्या कण्याचा, म्हणजे नळीच्या ज्या बाजूस कापडाचा पदर अधिक पडून ती किंचित ताठर होते त्या रेषेचा, वाद काही मंडळी फार वाढवितात. मी तो वाढवणार नाही. कड्या वरच्या बाजूस असलेली काठी माशाच्या ओढीने पिळली जातेच, कणा कोठेही धरा. ब्लँक सरळ दिसेल असा बसवावा आणि पुढच्या कामास लागावे. एसटीने नेण्याच्या सोयीसाठी सांधा मध्यावर न घेता मुठीशी घ्यावा, म्हणजे लवणारा भाग अखंड राहतो. लांब तुकडा पीव्हीसी पाइपात घालून कोणत्याही बसच्या आसनाखालून जातो, हे मी येथून मालवणपर्यंत अनेकदा अनुभवले आहे.

माझे स्नेही हा लेख वाचतील हे मला माहीत आहे, आणि त्यांनी नुकताच एक नवा ब्लँक मागविला आहे, त्यावर 46 टन असे सोनेरी अक्षरांत छापलेले आहे, हेही माहीत आहे. त्यांनी तो येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढण्यापूर्वी, माझ्या गच्चीवर घेऊन यावा. त्याच्या शेजारी मी माझा 24 टनांचा, त्यांना गावंढळ वाटणारा ब्लँक आवळून ठेवीन. पिशव्या दोन, भांडे एक, पाणी एकाच नळाचे. दोन्ही पिशव्यांत आळीपाळीने अर्धा-अर्धा लिटर ओतावयाचे, आणि कोणी आधी "थांबा" म्हणावयाचे ते त्यांनी ठरवावे.